लक्षणे नसलेल्या संसर्गाचा शोध : लैंगिक आजारांच्या निदानात रेण्वीय चाचणीचे स्थान

देशभरातील शासकीय रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कक्षांमध्ये औषधांची सात रंगांची पाकिटे ठेवलेली असतात. मूत्रमार्गातून पू जात असल्याची तक्रार असेल तर राखाडी, जननेंद्रियावर व्रण असेल तर पांढरे, हर्पीसच्या पुटकुळ्या असतील तर लाल आणि स्त्रीच्या ओटीपोटात दुखत असेल तर पिवळे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, रूढ केलेल्या या पद्धतीत रुग्णाची तक्रार आणि शारीरिक तपासणी यांवरून संभाव्य आजारांचा गट ठरवला जातो. त्या गटातील सर्व आजारांवरील औषधे रुग्णाला त्याच भेटीत मिळतात. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

या पद्धतीला कमी लेखणे अन्यायाचे होईल. ज्या आजाराचा उल्लेख ‘गुप्तरोग’ या एकाच शब्दात उरकला जातो आणि ज्याच्या उपचाराच्या जाहिराती बसस्थानकाच्या भिंतीवर वाचाव्या लागतात, त्याचा रुग्ण मोठ्या संकोचाने शासकीय दवाखान्यात येतो. रोजगार बुडवून आलेल्या या माणसाला ‘अहवाल आठ दिवसांनी न्या’ असे सांगितले तर तो परत येईलच याची शाश्वती नसते. त्यामुळे हाती आलेल्या रुग्णावर त्याच दिवशी उपचार करण्याच्या धोरणाचा जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९० च्या दशकात पुरस्कार केला. परमा झालेल्या पुरुषाच्या बाबतीत ते आजही बऱ्याच अंशी यशस्वी ठरते.

ही पद्धत तोकडी पडते ती तक्रारच नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत. लक्षण नाही म्हणून रुग्ण दवाखान्यात येत नाही आणि म्हणून पाकीटही मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगातील १५ ते ४९ वयोगटात बऱ्या होऊ शकणाऱ्या चार लैंगिक संसर्गांचे ३७ कोटी ४० लाख नवे रुग्ण झाले. त्यांत ट्रायकोमोनासचे १५ कोटी ६० लाख, क्लॅमिडियाचे १२ कोटी ९० लाख, परम्याचे ८ कोटी २० लाख आणि उपदंशाचे, म्हणजे बोलीत गरमीचे, ७१ लाख रुग्ण होते. क्लॅमिडियाचा संसर्ग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना कोणताही त्रास जाणवत नाही. या जिवाणूचे काही प्रकार डोळ्यांत खुपऱ्या निर्माण करतात आणि काही प्रकार जननमार्गात राहतात. गर्भाशयमुखातून वर सरकत तो बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. तेथील दाहामुळे वाहिन्या आतून चिकटतात आणि विवाहानंतर काही वर्षांनी स्त्री वंध्यत्वाच्या उपचारांसाठी येते, तेव्हा मूळ संसर्ग कधीच ओसरलेला असतो. बीजवाहिन्या बंद होण्याचे क्षयरोग हेही भारतात महत्त्वाचे कारण आहे. त्यामुळे अशा प्रत्येक रुग्णाचा दोष क्लॅमिडियाकडे जात नाही. मात्र जो दोष त्याच्याकडे जातो, तो वेळीच टाळता आला असता.

याच्या उलट चूकही होते. ‘अंगावरून पांढरे जाते’ ही भारतीय स्त्रियांची अतिशय परिचित तक्रार आहे. तिच्यामागे बहुतेक वेळा योनीतील जिवाणूंचा बिघडलेला समतोल किंवा बुरशी असते आणि लैंगिक संपर्कातून आलेला आजार त्या मानाने क्वचित असतो. केवळ लक्षणावरून निर्णय घेतल्यास अशा स्त्रीला नसलेल्या आजाराची औषधे मिळू शकतात. पतीलाही उपचारांसाठी बोलावले जाते आणि घरात संशयाचे वातावरण निर्माण होते. या तक्रारीच्या बाबतीत लक्षणाधारित निदानाची अचूकता कमी असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील मार्गदर्शक सूचनांतही गृहीत धरले आहे. जेथे शक्य असेल तेथे रेण्वीय चाचणीचा आधार घ्यावा, असा त्या सूचनांचा रोख आहे.

स्त्रियांच्या या अबोल आजारांची व्याप्ती जगापुढे आणण्याचे श्रेय महाराष्ट्रातील एका अभ्यासाला जाते. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्या अभ्यासाचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी किमान एक आजार होता. तपासलेल्या स्त्रियांपैकी ५५ टक्के जणींनीच तशी तक्रार सांगितली होती आणि त्याआधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्यांचे प्रमाण अवघे ८ टक्क्यांच्या आसपास होते. हे सर्व आजार लैंगिक संपर्कातून आलेले नव्हते. परंतु तक्रारीची वाट पाहणारी आरोग्यव्यवस्था किती जणींपर्यंत पोहोचत नाही, हे त्या आकड्यांतून दिसले.

प्रयोगशाळेची जुनी साधने या कामी अपुरी पडत होती. परम्याचा जिवाणू अल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधला. पुरुषाच्या मूत्रमार्गातील पू काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तो आजही उत्तम ओळखता येतो. स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या नमुन्यात मात्र हीच पद्धत अनेक रुग्ण निसटू देते. हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायचा तर विशेष पोषक माध्यम आणि कार्बन डायऑक्साइडयुक्त हवा लागते आणि नमुना पोहोचण्यास विलंब झाला तर तो वाटेतच मरतो. क्लॅमिडिया केवळ जिवंत पेशींच्या आतच वाढतो. त्यामुळे त्याचे संवर्धन मोजक्या संशोधन संस्थांपुरतेच मर्यादित राहिले.

रेण्वीय चाचणीला जिवंत जंतूची गरज नसते. प्रत्येक सूक्ष्मजीवाच्या जनुकीय द्रव्यात, म्हणजे डीएनए किंवा आरएनएमध्ये, केवळ त्याच्यापाशीच आढळणारा असा काही क्रम असतो. हा क्रम नमुन्यात शोधणे आणि सापडल्यास त्याच्या असंख्य प्रती तयार करणे, एवढेच या चाचणीचे काम आहे. म्हणून तिला न्यूक्लिइक आम्ल विस्तारण चाचणी, संक्षेपाने ‘नॅट’, म्हणतात. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेला ‘पीसीआर’ हा तिचाच सर्वांत प्रसिद्ध प्रकार आहे.

पीसीआरची कल्पना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नमुना तापवला की डीएनएची दुहेरी साखळी सुटी होते. तापमान उतरवले की शोधावयाच्या क्रमाशी जुळणारे छोटे कृत्रिम तुकडे तिला जाऊन चिकटतात. त्यानंतर एक विकर त्या तुकड्यांपासून पुढे नवी साखळी विणत जाते. एका आवर्तनात एकाच्या दोन प्रती, दुसऱ्यात चार, दहाव्यात एक हजार चोवीस, तर तिसाव्या आवर्तनाअखेर तत्त्वतः शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. प्रत्येक वेळी तापवूनही न बिघडणारे हे विकर अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूपासून मिळाले. टॉमस ब्रॉक यांनी १९६० च्या दशकात तो जिवाणू केवळ कुतूहलापोटी शोधला होता आणि त्याचा असा उपयोग होईल हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नीही नव्हते. तयार होणाऱ्या प्रतींबरोबर एक रंगद्रव्य प्रकाशमान होत जाते आणि यंत्र तो प्रकाश मोजते. ज्या आवर्तनात प्रकाश ठरलेल्या पातळीच्या वर जातो, त्यावरून मूळ नमुन्यात जंतू साधारण किती होते याचाही अंदाज बांधता येतो.

या संवेदनक्षमतेचा सर्वांत मोठा लाभ नमुना घेण्याच्या पद्धतीत दिसतो. पुरुषाला मूत्रमार्गात काडी घालून घेण्याची आता गरज नाही. तासभर लघवी न करता मग धरलेल्या लघवीचा अगदी पहिला भाग पुरेसा असतो. मधुमेहाच्या किंवा मूत्रसंसर्गाच्या तपासणीत मधली धार मागतात आणि येथे नेमके उलटे असते, ही बाब अनेकदा रुग्णाला कोणी सांगत नाही. स्त्रियांसाठी योनीतील स्वॅब अधिक विश्वासार्ह मानला जातो. तो स्त्रीने आडोशाला जाऊन स्वतः घेतला तरी परमा आणि क्लॅमिडिया शोधण्याची क्षमता डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकीच राहते. ज्या देशात तपासणीच्या टेबलाची भीती आणि स्त्री-डॉक्टरचा अभाव ही दोन्ही कारणे स्त्रीला दवाखान्यापासून दूर ठेवतात, तेथे या एका सोयीचे मोल यंत्राच्या वेगापेक्षाही अधिक आहे.

रेण्वीय चाचणी ग्रामीण भागात खरोखर जीव वाचवू शकते का, या प्रश्नाचे एक भक्कम उत्तरही महाराष्ट्रातूनच मिळाले. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो, तो लैंगिक संपर्कातूनच पसरतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात टाटा स्मारक केंद्राच्या ग्रामीण कर्करोग प्रकल्पाचा आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचा सहभाग होता. गावांचे चार गट पाडण्यात आले. एका गटात एचपीव्हीच्या डीएनएची चाचणी झाली. दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तर तिसऱ्यात व्हिनेगरसारखे आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी करण्यात आली. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवाच मिळत राहिली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डीएनए चाचणीच्या गटातील सुमारे ३४ हजार स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या होत्या, तर तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांपैकी ६४. बळावलेल्या अवस्थेतील कर्करोगाची प्रकरणे अनुक्रमे ३९ आणि ८२ होती. उर्वरित दोन पद्धतींमध्ये मृत्यूत अशी ठोस घट आढळली नाही. आयुष्यात एकदाच झालेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्राथमिक तपासणीसाठी एचपीव्ही डीएनए चाचणीला पसंती दिली. त्यामागील पुराव्यांत मराठवाड्यातील या स्त्रियांचा वाटा आहे.

रेण्वीय चाचणीला पर्यायच नाही, असेही एक क्षेत्र आहे. एचआयव्हीबाधित मातेच्या नवजात बालकाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात आणि ती अठरा महिन्यांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे प्रतिपिंडे शोधणारी नेहमीची चाचणी या काळात बाळाविषयी काहीच निश्चित सांगू शकत नाही. उपचारांविना राहिलेल्या बाधित बालकांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसापूर्वी आणि निम्मी दुसऱ्या वाढदिवसापूर्वी दगावतात, असे आफ्रिकेतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसून आले आहे. म्हणजे अठरा महिने थांबणे परवडणारे नसते. नॅकोच्या कार्यक्रमात बाळाच्या टाचेतील रक्ताचे थेंब सहाव्या आठवड्याच्या सुमारास विशेष कागदावर वाळवून प्रयोगशाळेकडे पाठवले जातात आणि त्यात थेट विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधले जाते. वाळलेल्या थेंबांना शीतसाखळीचीही गरज नसते.

उपदंशाच्या बाबतीत मात्र उलट स्थिती आहे. ताज्या व्रणातील स्रावात पीसीआर उपयुक्त ठरते. पण व्रण भरून गेल्यावर जंतू शरीरात दडून बसतो आणि रक्तात त्याचे जनुकीय द्रव्य सहसा सापडत नाही. तेथे व्हीडीआरएल किंवा आरपीआर यांसारख्या स्वस्त रक्तचाचण्या आणि त्यांना पुष्टी देणारी टीपीएचए यांवरच निदान आधारलेले आहे. गर्भवतीची ही रक्तचाचणी चुकली तर गर्भपात, मृतजन्म किंवा बाळाला जन्मजात उपदंश होण्याचा धोका असतो. महागड्या पॅकेजमध्ये ‘सर्व लैंगिक आजारांची पीसीआर’ करून घेतल्यावर ही साधी चाचणी अनावश्यक ठरते, असा समज करून घेऊ नये.

अहवाल वाचतानाही तारतम्य आवश्यक आहे. समजा, निरोगी व्यक्तींपैकी ९९ टक्क्यांना अचूक ‘निगेटिव्ह’ ठरवणारी आणि एकही बाधित न सोडणारी चाचणी आहे. ज्या समूहात शंभरात एकाला संसर्ग आहे, अशा एक हजार लोकांची ती केली, तर दहा खरे बाधित सापडतील आणि ९९० निरोगींपैकीही सुमारे दहा जण चुकीने ‘पॉझिटिव्ह’ ठरतील. म्हणजे हाती आलेला प्रत्येक दुसरा पॉझिटिव्ह अहवाल खोटा असेल. हीच चाचणी शंभरात दहा जण बाधित असलेल्या समूहात केली, तर १०९ पॉझिटिव्ह अहवालांपैकी १०० खरे असतील. धोका नसलेल्या, लक्षण नसलेल्या व्यक्तीचा अनपेक्षित पॉझिटिव्ह अहवाल दुसऱ्या चाचणीने पडताळून पाहण्याची पद्धत याच गणितावर उभी आहे. घशातील नमुन्यात तर परम्याच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद नेहमीच वास्तव्याला असतात आणि काही जुन्या चाचण्या त्यांनाच गुन्हेगार समजत असत.

उपचारानंतर लगेच केलेली चाचणीही दिशाभूल करते. औषधाने मेलेल्या जंतूंचे जनुकीय अवशेष काही आठवडे नमुन्यात राहतात आणि यंत्राला जिवंत-मृत हा भेद कळत नाही. क्लॅमिडियाच्या बाबतीत चार आठवड्यांच्या आत पुन्हा चाचणी करू नये, असे म्हणूनच सांगितले जाते. जंतू स्वतःही बदलतो. स्वीडनमध्ये २००६ साली एका प्रांतातील क्लॅमिडियाचे रुग्ण अचानक कमी झाल्याचे दिसले. चौकशीअंती असे उघड झाले की, त्या वेळच्या काही प्रचलित चाचण्या जनुकीय द्रव्याचा जो तुकडा शोधत होत्या, त्यातील ३७७ अक्षरेच एका नव्या प्रकाराने गमावली होती. रुग्ण कमी झाले नव्हते. ते दिसेनासे झाले होते आणि उपचाराविना संसर्ग पसरवत होते. त्यानंतर एकाच चाचणीत दोन वेगवेगळी लक्ष्ये ठेवण्याकडे निर्मात्यांचा कल वाढला.

याहून गंभीर प्रश्न औषधरोधाचा आहे. परम्याच्या जिवाणूने पेनिसिलिनपासून सिप्रोफ्लॉक्सासिनपर्यंत एकामागून एक औषधे निष्प्रभ केली आहेत. आता मुख्य भरवसा असलेल्या सेफ्ट्रियाक्सोनलाही दाद न देणारे प्रकार जपानसह अनेक देशांत आढळले आहेत. कोणते औषध चालेल हे निश्चित सांगण्यासाठी अजूनही जिवंत जंतू वाढवूनच पाहावा लागतो. सर्वत्र केवळ रेण्वीय चाचण्याच होऊ लागल्या तर संवर्धनाची विद्या लोप पावेल आणि औषधरोधाची वार्ता उशिरा कळेल, ही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची चिंता रास्त आहे. नवी दिल्लीतील सफदरजंग रुग्णालयाची शिखर संदर्भ प्रयोगशाळा तसेच चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, वडोदरा आणि नागपूर येथील प्रादेशिक केंद्रांचे महत्त्व या दृष्टीने आणखी वाढते.

यंत्रांचा अभाव हे आता पूर्वीइतके मोठे कारण राहिलेले नाही. जानेवारी २०२० मध्ये कोविडच्या निदानासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवर विसंबून असलेल्या देशात पुढे शासकीय व खासगी मिळून तीन हजारांहून अधिक चाचणी केंद्रे उभी राहिली. क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमामुळे काडतुसावर चालणारी यंत्रे जिल्हा रुग्णालयांत आधीच पोहोचली होती. त्याच यंत्रात वेगळे काडतूस घातले की परमा आणि क्लॅमिडिया यांचे एकत्रित निदान सुमारे दीड तासात होऊ शकते. गोव्यातील मोलबायो कंपनीचे, बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये क्षयरोगासाठी त्याची शिफारस केली आणि त्यावर एचपीव्ही शोधणारी चिपही उपलब्ध आहे. अडचण आहे ती काडतुसांच्या किमतीची, प्रशिक्षित तंत्रज्ञांची आणि एका कार्यक्रमाचे यंत्र दुसऱ्या कार्यक्रमाला वापरू देण्याच्या प्रशासकीय मानसिकतेची. यांपैकी शेवटच्या अडचणीवर पैसा लागत नाही, तरीही तीच सर्वांत चिवट असते.

चाचणीचा अहवाल हाती पडल्यावर अनेक घरांत पहिला प्रश्न ‘हे कोणाकडून आले’ हा असतो. रेण्वीय चाचणी त्याचे उत्तर देऊ शकत नाही. ती संसर्ग आहे एवढेच सांगते, तो केव्हा झाला हे नाही. क्लॅमिडिया अनेक महिने आणि एचपीव्ही त्याहूनही दीर्घ काळ लक्षणांविना राहू शकतो. त्यामुळे पॉझिटिव्ह अहवाल हा विद्यमान वैवाहिक जीवनातील विश्वासघाताचा पुरावा मानता येत नाही. एचआयव्हीच्या चाचणीपूर्वी माहितीपूर्ण संमती घेणे आणि अहवाल गोपनीय ठेवणे हे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक केले असून तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. इतर लैंगिक संसर्गांच्या बाबतीत रुग्णाची भिस्त डॉक्टरांच्या आणि प्रयोगशाळेच्या व्यावसायिक सचोटीवर असते.

क्लॅमिडिया किंवा परमा यांवरील उपचार अल्प मुदतीचे आणि तुलनेने स्वस्त आहेत. ते रुग्ण आणि जोडीदार अशा दोघांनी एकाच वेळी घ्यायचे असतात आणि ते पूर्ण होईपर्यंत शरीरसंबंध टाळायचे असतात. सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करण्याचा सल्ला दिला जातो. त्या वेळी स्त्रीचा अहवाल पुन्हा पॉझिटिव्ह आला, तर क्लॅमिडियाच्या बाबतीत औषध निष्फळ ठरल्याची शक्यता कमी असते. बहुतेक वेळा पती दवाखान्यात आलेलाच नसतो.